पाहुण्यांच्या आधी विहीर

२०२४ च्या डिसेंबरात आमचे बेळगाव नवरीसारखे सजले होते. असे म्हणायची पद्धत आहे म्हणून मीही म्हणतो. १९२४ सालच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे होत होती. चौकाचौकांत रोषणाई, दुभाजकांना नवा रंग, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा. आम्ही मित्र चार संध्याकाळी नुसते दिवे बघत हिंडलो. २६ तारखेच्या रात्री माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशीचा मेळावा पुढे गेला. तो २१ जानेवारी २०२५ ला झाला. दिवे काही मला वाईट दिसले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणेल, ह्याला प्रकाशाचेच वावडे आहे.

प्रश्न पडला तो वेगळाच. गाव ‘तयार करणे’ म्हणजे नेमके काय करणे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वाईट खोड असते. कोणतीही गोष्ट दिसली की तो तिच्या जमेची बाजू आणि नावेची बाजू शोधू लागतो. माझी आत्या जवळच्या खेड्यातून रोज सकाळी मेथी, कोथिंबीर आणि मुळा घेऊन शहरात येते. एका रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसते. तिची जागा अठरा वर्षांची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या सोहळ्याआधी तिला आणि तिच्या ओळीतल्या सर्वांना चार दिवस उठवले. कोणी उठवले ते महत्त्वाचे नाही. उठवणाराही बिचारा वरचा हुकूम पाळत होता. त्याने जाताना आत्याकडून एक पेंडी कोथिंबीरही नेली, पैसे देऊन. ‘‘चार दिवसांचा प्रश्न हाय की ओ, मावशी,’’ असे तो म्हणाला म्हणे. त्या चार दिवसांतली भाजी आम्ही घरी खाल्ली, शेजाऱ्यांना वाटली आणि उरलेली म्हशीला घातली. त्या सोहळ्याच्या खर्चाचे पत्रक कुठेतरी असणारच. मांडव अमुक, दिवे तमुक. त्यात ‘आत्याची मेथी’ ही नोंद नाही. आमच्या पुस्तकांत अशा खर्चाला सामाजिक खर्च म्हणतात आणि परीक्षेत तो पाच मार्कांना येतो.

मला हे सगळे आठवले ते आमच्या अर्थशास्त्राच्या सरांमुळे. तासाला त्यांनी सांगितले की युरोपात ‘प्लेसमेकिंग’ नावाची एक चळवळ आहे. चौक, बाग, नदीकाठ, गल्लीचे तोंड अशा सार्वजनिक जागा तिथल्याच लोकांनी मिळून घडवायच्या, वापरायच्या, सांभाळायच्या, हा तिचा सारांश. या लोकांचा एक मेळा तिकडे वेगवेगळ्या शहरांत भरत असतो. २०२२ साली तो स्पेनमधल्या पोंतेवेद्राला भरला, २०२३ साली फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गला, २०२४ साली रॉटरडॅमला, २०२५ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाला. मेळा म्हणजे सभागृहात भाषणे एवढेच नव्हे. पाहुण्यांनी गावातच हिंडायचे आणि गाव हेच प्रदर्शन समजायचे.

पोंतेवेद्राचे मला विशेष वाटले. वस्ती सुमारे ऐंशी हजार, म्हणजे आपल्या मानाने चिमुकले गाव. १९९९ साली मिगेल आंशो फेर्नांदेस लोरेस हे तिथे महापौर झाले आणि त्यांनी जुन्या पेठेतल्या सुमारे तीन लाख चौरस मीटर भागातून मोटारी जवळजवळ बाहेर काढल्या. व्यापारी घाबरले असणार. आपल्या खडेबाजारात कोणी असे करू म्हटले तर काय होईल याची कल्पना करा. पण लोरेस पुढेही निवडून येत राहिले. गावाने एक नकाशा काढला, तो दिसायला भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा, पण त्यात रेल्वे नाही. एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत किती मिनिटे लागतात एवढेच लिहिलेले. अशा गावाकडे २०२२ साली पाहुणे आले, तेव्हा त्याने घाईघाईने काय रंगवले असेल? मला वाटते, फारसे काही नाही. त्याची तयारी तेवीस वर्षे चालली होती.

आता समजा, असा मेळा उद्या बेळगावात भरवायचा ठरला. आपण पाहुण्यांना काय दाखवू?

पहिला विचार मनात येईल तो नव्या कामांचा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली, तीत बेळगाव होते. त्यानंतर काही रस्ते झाले, काही चौक बदलले. ते दाखवूच. पण मेळा लोकांनी सांभाळलेल्या जागांचा आहे. तिथे ठेकेदाराने केलेली गोष्ट ठेकेदाराचीच म्हणावी लागेल.

दुसरा विचार गणपतीचा, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी बरा. लोकमान्यांनी बेळगावात झेंडा चौकात १९०५ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू करून दिला. आज साडेतीनशेच्या वर मंडळे आहेत. अकरा दिवस गल्लीचे तोंड हे गल्लीचे दिवाणखाना होते. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावावर संपता संपता दुसरा दिवस उजाडलेला असतो. मूर्ती, मांडव, वीज, पोलिसांची परवानगी, महाप्रसाद, भजनी मंडळाचा चहा हे सारे दिवसभर दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये राबून आलेली माणसे रात्री बसून ठरवतात. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचेही तसेच. माझ्या माहितीचा एक वेल्डर आहे. वर्षभर तो ग्रिल आणि शटर करतो, पण महिनाभर त्याच्या हातून किल्ले निघतात. ‘लोकांनी घडवलेली जागा’ याचा याहून चांगला नमुना युरोपातून आणावा लागणार नाही.

तरीपण हे लिहिताना माझा हात अडखळतो. कारण २०२५ च्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळाची हिशोबाची वही माझ्याकडे होती.

त्याआधी १९२४ कडे एकदा जाऊन येतो. अधिवेशन टिळकवाडीच्या बाजूला भरले, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथेच, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या नगराला विजयनगर नाव दिले होते. स्वागताच्या वेळी गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. मराठी भाषक आणि कन्नड भाषक दोघांनी हा मांडव उभा केला. गंगाधरराव देशपांडे पुढे होते आणि डॉ. ना. सु. हर्डीकर स्वयंसेवकांच्या पाठीशी होते. गांधीजींसाठी बांबूची झोपडी उभारली होती आणि ती फारच थाटाची झाली म्हणून त्यांनीच यजमानांना टोमणे मारले. अधिवेशनाचा खर्च भागून सातशेच्या वर रुपये शिल्लक राहिले असे वाचले, तेव्हा मला त्या खजिनदाराला नमस्कार करावासा वाटला. मोठा समारंभ करून शिल्लक दाखवणारा खजिनदार आमच्या पिढीने पाहिलेला नाही.

पण माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट ती शिल्लकही नाही. हजारो माणसे येणार, त्यांना पाणी कुठून द्यायचे, असा प्रश्न होता. म्हणून विहीर खोदली. तीच आजची काँग्रेस विहीर. मांडव उतरला, झोपडी गेली, खुर्च्यांचे भाडे चुकते झाले, विहीर राहिली. शंभर वर्षांनी त्या समारंभाची खूण म्हणून आपण जिथे जातो ती जागा पाहुण्यांच्या तहानेसाठी केलेल्या तयारीची आहे. दिव्यांच्या दिवसांत मीही तिथे गेलो. कठड्याजवळ एक आजोबा नातवाला सांगत होते, ‘‘हे गांधींनी खोदलं.’’ गांधीजींनी काही खोदले नाही, कुदळ मारणारे हात वेगळे होते. पण मी त्यांना दुरुस्त केले नाही.

तर आमची गल्ली. गल्लीचे नाव देत नाही, कारण मला तिथेच राहायचे आहे. आमच्याकडे एक विहीर आहे. घरोघरी नळ आले, राकसकोपचे पाणी आले, पुढे हिडकलचे आले, आणि विहिरीला निर्माल्याचे कुंड करण्यात आले. तिच्यात हार पडतात, दुधाच्या पिशव्या पडतात, एकदा एक चालू स्थितीतला मोबाइलही पडला. उन्हाळ्यात नळ चार-आठ दिवसांआड येऊ लागला की सगळे तिच्या कठड्यावर बसून टँकरची वाट बघतात. पाण्याची वाट पाहायला विहिरीवर बसणे, यातला विनोद आमच्या गल्लीला अजून कळलेला नाही.

उत्सव संपल्यावर मी जमाखर्च मांडला. वर्गणी, जाहिराती, लिलाव सगळे धरून १८,४०० रुपये उरले. दसऱ्यानंतरच्या बैठकीत मी दोन सूचना ठेवल्या. एक, शिलकीतून विहिरीचा गाळ काढावा आणि वर जाळी बसवावी. दुसरी, वर्गणीची पावती मराठीबरोबर कन्नडमध्येही छापावी. कारण माझ्याच वहीप्रमाणे १४२ वर्गणीदारांपैकी ३९ घरे कन्नड बोलणारी होती आणि त्यांतल्या दोघांनी आपल्या ऐपतीपेक्षा जास्त दिले होते.

मला वाटले होते, विहिरीवर चर्चा होईल आणि पावती सहज पास होईल. झाले उलटेच. पावतीवर दीड तास गेला. हा सीमाभाग आहे. इथे फलकावरचे एक अक्षरही साधे नसते, आणि का नसते हे मला चांगले माहीत आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. माझ्या शाळेची पटसंख्या वर्षागणिक कमी होताना मी पाहिली आहे. मराठीतून कागद मागणाऱ्या वडिलांना किती हेलपाटे घालावे लागले तेही पाहिले आहे. म्हणून ज्यांनी विरोध केला ते द्वेषाने बोलत होते असे मी म्हणणार नाही. एक काका म्हणाले, ‘‘बाळ, आपल्या हातात एवढं पावतीपुस्तकच राहिलंय.’’ त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण ज्याच्याकडून पैसे घेतो त्याला ते कशाचे घेतले हे त्याच्या लिपीत सांगावे, हे माझे म्हणणेही मी मागे घेत नाही. आपल्याला सरकारी कचेरीत जे हवे असते तेच आपण आपल्या गल्लीत दुसऱ्याला द्यायला का कचरतो? पावती दुभाषी केल्याने मराठी उणी होत नाही. झालीच तर तिची पत वाढते.

विहिरीच्या वेळेपर्यंत सगळ्यांना झोप आली होती. अध्यक्षकाका म्हणाले, ‘‘बाप्पाचा पैसा बाप्पालाच.’’ एका मित्राने शिल्लक पुढच्या वर्षीच्या आवाजाच्या भिंतीसाठी राखून ठेवावी असे सुचवले आणि त्याला टाळ्या मिळाल्या. मी म्हटले, बाप्पाचे हार ज्या पाण्यात कुजतात ते पाणी बाप्पाचे नव्हे काय? हे वाक्य मी आदल्या रात्री तयार केले होते. त्याचा काही परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो दुसऱ्याच बोलण्याने. विहिरीपलीकडच्या बोळातल्या एक आजी दाराशी उभ्या होत्या. बैठकीला बायका येत नाहीत. त्या नातवाला बोलवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘तुमची हीर साफ करा, नायतर बुजवा. माझ्या आईला ह्या कट्ट्यावर पाय ठेवू देत नव्हते. कुणी तरी काढून वरनं घागरीत वतायचं, तवा पाणी. उन्हात तास तास उभी ऱ्हायची ती.’’ आणि नातवाला घेऊन गेल्या.

खोलीत कोणी काही बोलले नाही. मीही नाही. तोपर्यंत मी त्या विहिरीला ‘लोकांची विहीर’ म्हणत होतो. माझ्या सूचनेच्या कागदावर तसेच लिहिले होते. १९२४ च्या त्या अधिवेशनाच्या दिवसांतच बेळगावात अस्पृश्यता परिषदही भरली होती आणि गांधीजी तीत बोलले होते. हे मी वाचले होते, लक्षातही होते. पण आमच्या कट्ट्याशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. पोंतेवेद्राच्या गोष्टी सांगणारा मी, माझ्याच गल्लीत लोक म्हणजे कोण हे मोजले नव्हते. वहीत १४२ नावे होती. पलीकडच्या बोळातले एकही नव्हते, कारण तिथे वर्गणी मागायला आम्ही जातच नाही.

घरी आल्यावर ताईला हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘आणि कट्टा तरी कुणाचा रे? संध्याकाळी सातनंतर तिथून जाताना मी मान खाली घालून जाते. तुम्ही दहाजण बसलेले असता.’’ त्या दहांत मी असतो. आम्ही कोणाची छेड काढत नाही. पण जागा भरून बसणे हेच पुरे असते, हे तिने सांगेपर्यंत मला सुचले नव्हते.

म्हणून मी म्हणतो, बेळगावात असा मेळा जरूर भरावा. पण पाहुण्यांना पत्र पाठवण्याआधी आपणच आपल्या गल्लीत एकदा पाहुण्यासारखे हिंडावे. कोण कुठे बसते, कोण बसत नाही, कोणाला उठवले जाते. महाविद्यालयात आपण दीड-दोन हजार मुले-मुली आहोत आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीतले कोणीतरी आहे. वाणिज्यवाल्यांनी मंडळांचे हिशोब लिहून द्यावेत आणि ते चौकात फळ्यावर लावावेत. शिल्लक उघड्यावर आली की तिच्यावर दहा माणसे बोलतात. भूगोलवाल्यांनी जुन्या विहिरी नकाशावर आणाव्यात. मराठी आणि कन्नड विभागांनी या अंकात एकमेकांच्या शेजारी बसण्यापलीकडे जाऊन एखाद्या गल्लीच्या आठवणी दोन्ही भाषांत लिहून काढाव्यात. आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना सोहळ्याच्या दिवसांत उठवायचेच असेल, तर त्यांच्या चार दिवसांच्या धंद्याचे पैसे सोहळ्याच्या खर्चात पहिल्या ओळीवर धरावेत. पण माझे मत विचाराल तर उठवूच नये. मेळ्याला आलेल्या पाहुण्याला आत्याची मेथी दिव्यांच्या माळेपेक्षा जास्त आवडेल.

हे सगळे होईल अशी माझी खात्री नाही. आमचे प्राध्यापक म्हणतात की विद्यार्थ्यांचे लेख मार्चमध्ये छापतात आणि एप्रिलमध्ये विसरतात, आणि परीक्षा जवळ आल्यामुळे ते खरेही आहे.

आमच्या गल्लीत पुढे काय झाले ते सांगून थांबतो. शिलकीतून जाळीसाठी पाच हजार मंजूर झाले, गाळासाठी नाही. बाकीची शिल्लक आवाजाच्या भिंतीकडे गेली. नव्या कार्यकारिणीत वही माझ्याकडे राहिली नाही. जानेवारीत एका रविवारी आम्ही तिघांनी विहिरीत दोर सोडला. पहिल्या दिवशी अकरा पोती निघाली. दुसऱ्या रविवारी सात जण झालो. त्यांत पलीकडच्या बोळातले दोघे होते, एक त्या आजींचा नातू. तो कठड्यावर चढून उभा राहिला आणि दोर त्यानेच धरला. आजी दारातून बघत होत्या. चांगले म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

पंपाचे भाडे कसे द्यायचे हा प्रश्न होता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले अज्जा खाली आले, आत डोकावले, ‘‘बावी, बावी,’’ असे स्वतःशीच म्हणाले आणि दोन दिवसांचे भाडे देऊन गेले. लहानपणी ते याच विहिरीत पोहायला शिकले म्हणे. पैसे देताना त्यांनी पावती मागितली. ते व्यापारी आहेत, बरोबरच आहे. मी एक कोरे पुस्तक आणले आहे, पण पावतीच्या डोक्यावर काय छापायचे आणि कोणत्या क्रमाने, यावर आम्हा सात जणांत अजून वाद चालू आहे. अज्जा रोज विचारतात.

– बी. कॉम., तृतीय वर्ष